विश्लेषण : टँकरच्या पाठीवरचे आकडे काय सांगतात?

खंडाळ्याच्या घाटात एखाद्या इंधनाच्या टँकरमागे अडकलात, तर त्याच्या पाठीवरची पाटी वाचून पाहा. टोकावर उभा केलेला चौकोन, त्यात ज्वाळेचे चित्र, शेजारी ‘१२०३’ आणि ‘३ वाय ई’, खाली फोन क्रमांक. १२०३ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला पेट्रोलचा क्रमांक; डिझेलचा १२०२. घातक माल नेणाऱ्या वाहनावर अशी पाटी लावणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे.

वर्गीकरण नेमके कशाचे?

रसायन किती घातक, यापेक्षा ते कोणत्या प्रकारे घातक, हे इथे महत्त्वाचे. विषारीपणा हा आरोग्याचा धोका, त्याचा हिशेब वेगळा. पेटणे, फुटणे, दाबाखाली कोंडलेले असणे, धातू पोखरणे हे भौतिक धोके. रसायनांच्या वर्गीकरणाच्या ‘जीएचएस’ या जागतिक पद्धतीत त्यांचे १७ वर्ग आहेत.

पेट्रोल आणि डिझेल वेगळे का?

कारण फ्लॅश पॉइंट. ज्या किमान तापमानाला द्रवावर साचलेली वाफ ठिणगीने पेट घेते, ते हे तापमान. पेट्रोलचे ते सुमारे उणे ४० अंश, म्हणजे महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेटायला तयारच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. उलटलेल्या टँकरभोवती कॅन घेऊन जमणाऱ्यांना ती दिसत नाही. आपल्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखालची इंधने ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ मधली ‘ब’ वर्गात येतात. डिझेल ‘ब’ मध्ये. पण ‘डिझेल काही पेटत नाही’ हा समज खोटा. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो आणि चंद्रपूरचा मे महिना तर ४५ च्या पुढे जातो.

न जळणारा पदार्थही धोक्याचा?

हो. अमोनियम नायट्रेट स्वतः इंधनासारखे जळत नाही, पण तापल्यावर ऑक्सिजन पुरवून शेजारची आग भडकवते. म्हणून त्याचा वर्ग ‘ऑक्सिडायझर’. २०२० मध्ये बैरूत बंदरात गोदामाला आग लागली आणि तिथे साठवलेल्या सुमारे २,७५० टनांचा स्फोट झाला. कोणाशेजारी काय ठेवायचे नाही, हे या वर्गांवरूनच ठरते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी.

पाणी मारायचे की नाही?

पाटीवरचा ‘३ वाय ई’ याच प्रश्नाचे उत्तर आहे. ३ म्हणजे फेस वापरा. नुसत्या पाण्यावर पेट्रोल तरंगते आणि आग पसरते. ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. पहिला आकडा ४ असेल तर फक्त कोरडे साधन. आंबे पिकवायला चोरून वापरले जाणारे कॅल्शियम कार्बाइड याच गटातले. पाणी लागले की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेटतो. बंब बोलावणाऱ्याने ‘टँकर पेटलाय’ एवढेच सांगितले, तर जवानांना यातले काहीच कळत नाही. वारा पाठीशी ठेवून, लांबूनच चार आकडी क्रमांक दिसत असेल, तर ११२ वर तो आधी सांगा.