कौटुंबिक व्यवसाय आणि शिस्तबद्ध कारभार

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आज नोकरीबरोबर व्यवसायातही उतरली आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु वडिलांनी कष्टाने उभा केलेला धंदा मुलांच्या हाती मोडताना आम्ही बँकेतील नोकरीत अनेकदा पाहिला आहे. गिऱ्हाईक असते, पण कारभाराला शिस्त नसते. कर्जासाठी ताळेबंद मागितला की उत्तर मिळते, "सगळे घरचेच आहे, हिशेब कशाला?"

पहिली शिस्त गल्ल्याची. दुकानाचे चालू खाते वेगळे ठेवावे. मालकानेही घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कमच उचलावी. दुकानात राबणाऱ्या मुलाला, सुनेला पगार द्यावा. त्याशिवाय धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे कळतच नाही.

दुसरी शिस्त लेखी कराराची. आमच्या परिचयातील दोघा भावांचे वर्कशॉप होते. थोरले अकस्मात गेले. कागदावर काहीच नव्हते. आज वहिनी व धाकटे दीर बोलत नाहीत आणि वर्कशॉपला कुलूप आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा सर्वांत समान वाटला जातो, जास्त राबणाऱ्याला पगार मागता येत नाही आणि एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. भागीदार दोघेच असतील तर करारानेही ती वाचत नाही. म्हणून घरातील तिसरी व्यक्ती भागीदार करून घ्यावी, वारसांचा हिस्सा कसा द्यायचा तेही लिहावे आणि भागीदारी संस्थेची नोंदणी करावी.

तिसरी शिस्त म्हणजे कामाला योग्य माणूस नेमणे. १८८४ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या 'डाबर'चे उदाहरण पाहावे. १९९८ साली बर्मन कुटुंबाने रोजचा कारभार बाहेरच्या अनुभवी व्यवस्थापकांकडे सोपविला. मालकी आणि देखरेख मात्र स्वतःकडे ठेवली. लहान दुकानाला एवढे शक्य नाही. तरी हिशेबनीस नात्यातलाच हवा, हा आग्रह सोडता येईल.

शिस्त म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब चोख असला की नाती टिकतात. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमची एकच विनंती आहे. येत्या पहिल्या तारखेपासून घरच्या धंद्याची रोजकीर्द तुम्ही लिहायला घ्या. सुरुवातीला वडील रागावतील, पण वर्षअखेरीस पहिला ताळेबंद तेच आनंदाने चारचौघांना दाखवतील.