‘पिजो’ची पत

धाराशिव, तुळजापूर, कळंब या भागातल्या एखाद्या जुन्या गॅरेजात ‘फ्रेंच गाडी घ्यावी का?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : नको. कारणेही ठरलेली असतात. पार्ट मिळत नाहीत, काम येणारा फिटर नाही, विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही. मग त्याच फिटरला ‘पिजो इंजिन कसे होते?’ असे विचारावे. वयाने पन्नाशीच्या पुढचा असेल, तर तो हातातला पाना खाली ठेवून बोलू लागतो. ‘पिजो’ म्हणजे प्यूजो, आणि प्यूजो ही फ्रान्समधली सर्वांत जुन्या मोटार कंपन्यांपैकी एक. ज्या देशाची गाडी नको, त्याच देशाचे इंजिन मात्र नावाजलेले. असे का झाले, याचा शोध घेतला तर मोटारीच्या भरवशाविषयीच्या आपल्या बऱ्याच कल्पना तपासून घ्याव्या लागतात.

महिंद्राने १९८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली. कारखाना नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीचा. इंजिनाचे नाव ‘एक्सडीपी ४.९०’. हे नाव म्हणजे त्याचे मोजमापच आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर, म्हणजे एकूण आकारमान २,११२ घन सेंटिमीटर. या घराण्यातली इंजिने प्यूजोच्या ‘५०४’ सारख्या गाड्यांत होती, आणि ती ५०४ पश्चिम आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांवर पाच-सातऐवजी दहा-बारा माणसे घेऊन वर्षानुवर्षे धावत होती. नायजेरियात कडुना येथे तिची जुळणी होत असे. तिकडे ‘फ्रेंच गाडी’ म्हटले की लोकांना मजबूतपणाच आठवे. लौकिक हा गाडीइतकाच प्रदेशाचाही असतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्याकडे हे इंजिन जीपच्या बॉनेटखाली आले. त्याच महिंद्राच्या जीपमध्ये दुसरेही डिझेल इंजिन मिळे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने जे ट्रॅक्टर बनत, त्यांच्या इंजिनापासून आलेले ते. बोलीभाषेत एक ‘पिजो’ आणि दुसरे ‘डीआय’. बाहेरून दोन्ही जिपा सारख्याच; फरक चावी फिरवल्यावर कळे.

डीआयमध्ये डिझेलची फवार थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात पडते. जळण एकदम भडकते, म्हणून आवाज धडधडीत, सगळी जीप थरथरते. पण उष्णता वाया कमी जाते आणि डिझेल कमी लागते. पिजोमध्ये हेडात एक लहानशी कोठी असते. फवार आधी त्या कोठीत पडते, तिथे पेट घेते आणि मग जाळ पिस्टनवर येतो. स्फोट मऊ होतो, इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत सहज चढते, गाडी पळते. मोल असे, की कोठीच्या भिंती उष्णता खातात. म्हणून डिझेल थोडे जास्त लागते, आणि थंडीतल्या पहाटे हीटर प्लग तापल्याशिवाय इंजिन चालू होत नाही.

शेतकऱ्याच्या हिशेबात डीआयची बाजू जड होती, हे मान्यच करायला हवे. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस जवळच्या बाजारगावात मिळतोच, आणि तोच जीपही उघडू शके. ज्याला रोज सोलापूर गाठायचे होते, त्याला पिजो बरे वाटे. तरीही दोन्ही टिकली, आणि त्याचे कारण एकच होते : दोन्हींत इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. यांत्रिक डिझेल पंप, बिडाचा ब्लॉक, आकारमानाच्या मानाने माफक ताकद. ज्याच्याकडून कमी मागितले जाते, ते यंत्र जास्त दिवस देते. शिवाय सुटे भाग महिंद्राच्या साखळीतून येत. त्यासाठी पॅरिसकडे डोळे लावून बसावे लागत नसे. २००० साली बोलेरो आली तीही सुरुवातीला प्यूजोचेच अडीच लिटरचे इंजिन घेऊन. मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतींपुढे आणि लग्नमंडपांपुढे उभी राहणारी ही गाडी कोणालाही कधी फ्रेंच वाटली नाही.

आता दुसरी बाजू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची पद्मिनी सगळ्यांना ठाऊक आहे. या प्रीमियरने १९९४ मध्ये प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यातून ‘३०९’ बाजारात आणली. चालवणाऱ्यांनी तिची चाल, बैठक आणि रस्त्यावरची पकड नावाजली. पण युरोपात हे मॉडेल तोवर निवृत्त झाले होते, इथे कामगार तंटे उभे राहिले, भागीदारांत बेबनाव झाला आणि १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले. ज्यांच्या दारात गाडी उभी होती ते उघड्यावर पडले. त्यातली डिझेल ३०९ तर यंत्र म्हणून मुळीच वाईट नव्हती. तिचे १,५२७ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांत बसवले. तेच इंजिन. एका बॉनेटखाली ते ‘बेवारस’ ठरले, दुसऱ्या बॉनेटखाली ‘मारुतीचे’.

रेनॉच्या बाबतीत हाच प्रयोग जणू पुन्हा झाला. २००७ मध्ये महिंद्राबरोबर नाशिकला ‘लोगान’ बनू लागली. मुळात स्वस्तपणासाठीच आखलेली गाडी. दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले, म्हणजे डावा-उजवा भेद नाही. दिसायला खोक्यासारखी, आणि लांबी चार मीटरहून जास्त असल्याने लहान गाड्यांना मिळणारी करसवलत हुकलेली. विक्री रखडली. २०१० मध्ये रेनॉने आपला हिस्सा महिंद्राला विकला. पुढे गाडीचे नाव ‘व्हेरिटो’ झाले, चिन्ह बदलले आणि टॅक्सीवाल्यांनी तिला आपले म्हटले. धातू तोच होता.

या हकिकती वाचून फ्रेंच गाड्यांवर निव्वळ अन्याय झाला, असे कोणी म्हणेल तर ते मला पटत नाही. २००१ च्या सुमाराची रेनॉची दुसऱ्या पिढीची ‘लागुना’ युरोपातच विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बिघाडांनी बदनाम झाली होती. अलीकडे प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनातला तेलात भिजून चालणारा टायमिंग बेल्ट झिजून त्याचे कण तेलाच्या वाटेत अडकू लागले, आणि कंपनीला युरोपात हमीची मुदत वाढवावी लागली. टोयोटाने असल्या जागी धीमेपणाने, जुन्या तंत्राला चिकटून काम केले आणि क्वालिस-इनोव्हाचे नाव झाले. फ्रेंच अभियंत्यांना नावीन्याची हौस जास्त. ती हौस कधी आरामदायी सस्पेन्शन देते, कधी गॅरेजची वारी.

मात्र सुरक्षितता हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो भरवशात मिसळू नये. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत रेनॉची क्विड शून्य तारे घेऊन आली. त्याच तुकडीत मारुतीची सेलेरिओ, ह्युंदाईची इऑन आणि आपल्या सर्वांची लाडकी स्कॉर्पिओही होती. त्यांनाही शून्यच मिळाले. स्कॉर्पिओच्या पत्र्याची जाडी दाखवून वाद घालणाऱ्यांनी तो निकाल जरूर पाहावा.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थच निराळा आहे. गाडी किती वेळा बंद पडते, हा शहरातला प्रश्न. इथला प्रश्न असा, की बंद पडल्यावर ती पुन्हा कधी चालू होते. लहानसा सेन्सर गेला आणि तो आणायला सुमारे ७० किलोमीटरवरच्या सोलापूरला, तिथे नसेल तर पुण्याला माणूस धाडावा लागला, की दोन दिवसांची कमाई आणि कदाचित बाजार समितीतला भावही गेला. त्यावर कर्जाचा हप्ता असतोच. गिऱ्हाईक म्हणूनच गाडीबरोबर कंपनीची मुळे किती खोल आहेत ते पाहते. हा अविश्वास एकट्या फ्रेंचांपुरता नाही. तळेगावात कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सिट्रोएन भारतात आली तीही त्याच २०२१ मध्ये.

‘एमएच २५’ पाटीची जुनी डिझेल डस्टर आज स्वस्तात मिळत असेल, तर घेणाऱ्याने एक गोष्ट पाहावी. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि रेनॉने इथली डिझेल इंजिने बंद केली. २०२२ मध्ये ती डस्टरही गेली. पण तिचे १,४६१ घन सेंटिमीटरचे इंजिन लोगानमध्ये होते, व्हेरिटोमध्ये होते, निसानच्या मायक्रा, सनी आणि टेरानोमध्येही होते. फिटरला ‘डस्टरचे काम येते का?’ असे विचारून उपयोग नाही. ‘व्हेरिटो उघडली आहे का?’ असे विचारावे.