गतिरोधकाची परीक्षा

ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, शाळेपुढे गतिरोधक झाला की आपण निर्धास्त! पण गाड्यांचा वेग खरंच घटला का? मोजा की!

आईबाबांसोबत फुटपाथवरच उभे राहा. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर समजा ३० मीटर आहे. गाडीला ३ सेकंद लागले, तर वेग ताशी ३६ किलोमीटर; २ सेकंद लागले, तर ५४! वेग दीडपट, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट!

इंजिनिअर गतिरोधकाआधी आणि नंतर, त्याच वारी, त्याच वेळी गाड्या मोजतात. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो आकडा उतरला तरच गतिरोधक पास! आणि पुढे गाड्या पुन्हा सुसाट सुटत नाहीत ना, तेही मोजायलाच हवं.