लेकराच्या उशाशी म्हातारे आई-बाप

धाराशिव जिल्ह्याने कर्करोगाच्या संशोधनात मोठी भर घातली आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने इथल्या ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे आलं.

या वयाच्या कित्येकींची आई अजून हयात असते. लेकीचा आजार हाताबाहेर गेला, की त्या आईचं काय?

तिला बहुधा कुणी काही सांगतच नाही. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात, भाऊ फायली सांभाळतो आणि ‘म्हातारीला सोसणार नाही’ म्हणून तिला ओसरीवर बसवलं जातं. तरणा मुलगा अंथरुणाला खिळला, तर बापाचंही तेच. पण न सांगितल्याने दुःख टळत नाही. निरोपाची वेळ तेवढी हातची जाते.

सगळ्यात अवघड असतो घास. ‘दोन घास तरी खा’ हा आईचा आग्रह अखेरच्या दिवसांत लेकराला पेलत नाही. शरीर बंद पडत आलं की भूक आपोआप मरते; बळेच भरवलं तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे डॉक्टरांनी किंवा नर्सने आईला स्वतः, शांतपणे सांगायला हवं. नाहीतर ‘माझं लेकरू उपाशी गेलं’ हा सल तिला जन्मभर छळतो. तिच्या हाताला दुसरं काम द्यावं: ओल्या कापसाने ओठ भिजवणं, पाय चोळणं, जवळ बसून बोलणं.

बापाला धास्ती मॉर्फिनची. नशा लागेल, जीव लवकर जाईल, असं त्याला वाटतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन वेदना कमी करतं, मरण ओढून आणत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांना ते ठेवणं सोपंही झालं.

वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या उपशामक सेवेत रुग्णाइतकंच घरालाही धरलेलं असतं. पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात १९९७ पासून ही सेवा मोफत मिळते आणि घरचं माणूस रुग्णासोबत राहतं. पण धाराशिवमधल्या भूम-परंड्याहून पुणं लांब. म्हणून घरी येणारी नर्स जिल्ह्यातच हवी.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. सून आणि नातवंडांची विचारपूस होते, ती व्हायलाच हवी. म्हाताऱ्यांना मात्र ‘तुम्हीच धीर धरा’ एवढंच ऐकायला मिळतं. सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं. तो लावून द्यायला शेजारच्या कुणीतरी पुढं व्हावं.