कापसाच्या मुलखातील घरे

एखादी नामवंत व्यक्ती ज्या घरात जन्मली किंवा राहिली, ते घर तिच्या स्मृत्यर्थ राखून लोकांना पाहण्यास खुले करणे हा संग्रहालयाचा एक वेगळा प्रकार असून त्याला गृहसंग्रहालय म्हणता येईल. सर्वसाधारण संग्रहालयात ठिकठिकाणांहून आणलेल्या वस्तू कपाटांत मांडलेल्या असतात. गृहसंग्रहालयात घर हीच मुख्य वस्तू असते आणि आतील खाट, दिवा, भांडी किंवा वाद्य यांना जो अर्थ येतो तो त्यांच्याभोवतीच्या भिंतींमुळे येतो. सोलापूरकरांना हा प्रकार अपरिचित नाही. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच ऐन बत्तिशीत निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सोलापुरातील घर २०१२ पासून त्यांचे स्मारक म्हणून पाहता येते. त्यांच्या आयुष्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, आणि लगोलग १९४७ मध्ये त्यांच्याच राजकमल कलामंदिराने सोलापूरच्याच आणखी एका पुत्रावर, म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहीर राम जोशी यांच्यावर, 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट पडद्यावर आणला. एका गावच्या दोघांना दोन वर्षांत एकाच संस्थेकडून असा मान मिळावा हा योग दुर्मीळच. तथापि डॉक्टरांचे घर स्मारक होण्याइतके टिकले याला काही कारणे होती आणि शाहिराच्या बाबतीत ती कारणे मुळातच दुबळी होती. शाहिराचे काम घरात होत नाही, ते फडावर होते; त्याची कमाई वाड्यात साठत नाही आणि त्याच्या मृत्यूनंतर जे उरते ते लोकांच्या गळ्यात उरते.

गायकाचे घर जपण्यातील ही अडचण जगात सर्वत्र आहे, पण तिला सर्वांत ठळकपणे तोंड द्यावे लागले ते अमेरिकेतील 'ब्लूज' या गायनप्रकाराच्या चाहत्यांना. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या पिढ्यांत, कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये रुजलेले एकट्याने गायचे गाणे. त्याची सर्वाधिक रूढ बांधणी तीन ओळींची असते: पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच किंवा किंचित बदलून म्हटली जाते, तिसरी तिला उत्तर देते, आणि प्रत्येक ओळ चार-चार मात्रांच्या चार खंडांत बसत असल्याने पूर्ण कडवे बारा खंडांचे होते. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला त्यातील स्वरलगाव लवकर ओळखू येतो, कारण ब्लूज गाणारा गांधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या मधल्या जागी, हलते ठेवून लावतो. पियानोच्या पट्ट्यांवर ही जागा नाही, गळ्यावर आणि तारेवर मात्र आहे. विषय बहुधा रोजचे असतात: सोडून गेलेले माणूस, रेल्वे, पूर, तुरुंग, मालकाचे देणे.

हे गाणे ज्या भूमीत वाढले ती कापसाची भूमी होती आणि तिचा सोलापूरशी असलेला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि १८६५ पर्यंत मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले, परंतु रेल्वे, कापसाची बाजारपेठ आणि विणकरांची वस्ती यांच्या बळावर सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिकडे अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांपैकी बहुतेकांना स्वतःची जमीन मिळाली नाही. ते जुन्याच मळ्यांवर बटईने कापूस पिकवू लागले, बी-बियाणे आणि किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर घेऊ लागले आणि हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की बहुधा देणेकरीच राहू लागले. ब्लूजमधील घर हे अशा बटईदाराचे घर आहे, आणि पुष्कळदा ते त्याच्या मालकीचेही नव्हते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध घर अलाबामा राज्यातील फ्लोरेन्स या छोट्या गावी आहे, पण ते बटईदाराचे नाही, धर्मोपदेशकाच्या कुटुंबाचे आहे. विल्यम क्रिस्टोफर हँडी यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८७३ रोजी लाकडी ओंडक्यांच्या एका साध्या घरात झाला, जे त्यांच्या आजोबांनी बांधले होते. वडील आणि आजोबा दोघेही चर्चचे सेवक असल्याने घरात भजनाला मुभा होती, वाद्याला नव्हती. मुलाने पैसे साठवून आणलेली गिटार वडिलांनी दुकानात परत करायला लावली आणि त्या किमतीत शब्दकोश घ्यायला सांगितले. मुलाने पुढे कॉर्नेट हे तुतारीच्या जातीचे वाद्य घरच्यांच्या नकळत आत्मसात केले. हे सारे हँडी यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. वाद्याला पापाचे साधन मानणाऱ्या घराचा आणि कीर्तनकाराच्या घराण्यात जन्मून तमाशाच्या फडात गेलेल्या राम जोशींच्या घराचा स्वभाव एकच होता, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो फारसा चुकीचाही नाही.

हँडी हे ब्लूजचे जनक म्हणवले जातात, परंतु हे विशेषण सांभाळूनच वापरायला हवे, कारण ब्लूज त्यांनी निर्माण केला नाही, तो त्यांनी ऐकला आणि लिहून काढला. सुमारे १९०३ मध्ये मिसिसिपीतील टटविलर स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहत असताना, गिटारच्या तारांवर चाकूचे पाते घासत दोन रेल्वेमार्गांच्या फाट्याविषयी गाणारा एक फाटक्या कपड्यांतील मनुष्य त्यांनी पाहिला. स्वरलेखन शिकलेल्या हँडींना ते गाणे विलक्षण वाटले आणि त्या घडणीतून त्यांनी 'मेम्फिस ब्लूज' (१९१२) आणि 'सेंट लुईस ब्लूज' (१९१४) ही गीते छापून प्रसिद्ध केली. स्थानकावरील त्या गायकाचे नाव कोणीही टिपून ठेवले नाही, त्यामुळे त्याचे घर असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लिहिणाऱ्याचे घर राहते, गाणाऱ्याचे राहत नाही, ही या संग्रहालयांची पहिली मर्यादा होय, आणि ती फ्लोरेन्सच्या घरात शिरतानाच ध्यानात घेतलेली बरी.

ते घर १९७० पासून संग्रहालय आहे. ज्या पियानोवर 'सेंट लुईस ब्लूज' रचले गेले तो पियानो, हँडी यांचे वाद्य आणि हस्तलिखित स्वरलेख तेथे आहेत. मात्र घर मूळ जागी नाही. ते सुटे करून काही काळ ठेवले गेले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. हँडी यांचे मेम्फिसमधील घरही १९८५ मध्ये मूळ गल्लीतून उचलून बील स्ट्रीट या प्रसिद्ध रस्त्यावर नेण्यात आले. हे दुसरे घर 'शॉटगन' प्रकारचे आहे: एका खोलीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी अशी रांग, मधला बोळ नाही, आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत खोल्या एकमेकींतूनच ओलांडायच्या. अशा घरात एकाचे वादन दुसऱ्याच्या झोपेपासून वेगळे काढता येत नाही. पुस्तकात वाचून हे कळते खरे, परंतु खोल्या चालत ओलांडल्यावर जसे कळते तसे कळत नाही, आणि पाहणाऱ्याने प्रवासाचे कष्ट घ्यावेत ते याच कारणासाठी.

घर उचलून नेले की त्याचे अर्धे म्हणणे मागे राहते. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजे पुढे मडी वॉटर्स या नावाने जगभर गाजलेले गायक, स्टोव्हल येथील कापसाच्या मळ्यावर ज्या लाकडी खोपटात राहत असत, तेथेच ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी अॅलन लोमॅक्स यांनी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. दोन वर्षांनी मडी वॉटर्स शिकागोला निघून गेले. त्या खोपटाचे अवशेष आज क्लार्क्सडेल येथे, जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत थाटलेल्या डेल्टा ब्लूज संग्रहालयात आहेत. त्यातील एका लाकडाची तर एका रॉक वादकाने गिटारही करून घेतली. छपराखाली सुरक्षित ठेवलेले ते खोपटे पाहताना भोवतीचा कापूस, मालकाचा वाडा आणि दुकान यांतील अंतर दिसत नाही, आणि हे अंतरच तर त्या गाण्याचा विषय होते. याउलट शिकागोतील लेक पार्क अव्हेन्यूवरील त्यांचे विटांचे घर, जेथे ते १९५४ पासून सुमारे दोन दशके राहिले आणि ज्याच्या तळघरात वादकांच्या तालमी चालत, ते जागच्या जागी उभे आहे. २०२१ मध्ये त्या शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. हलवलेले घर ही वस्तू होते आणि जागेवरचे घर हा दस्तऐवज असतो.

अशी संग्रहालये बहुधा एखाद्या कुटुंबाच्या किंवा लहानशा विश्वस्त मंडळाच्या जोरावर चालतात. वेळा मर्यादित असतात, पुष्कळदा आधी कळवून जावे लागते आणि घर दाखवणारी व्यक्ती कलावंताचे नातवंडही असू शकते. हा जिव्हाळा त्यांचे बळ आहे आणि तीच त्यांची जोखीमही आहे. १९२८ मध्ये काही तबकड्या देऊन विस्मरणात गेलेले ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट हे १९६३ मध्ये पुन्हा सापडले ते त्यांच्याच गीतातील ॲव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून, त्या वेळी ते शेतात मजुरी करीत होते. पुढील तीन वर्षे त्यांनी हजारो श्रोत्यांसमोर गायन केले आणि १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नातीने जिवापाड जपलेले त्यांचे तीन खोल्यांचे लाकडी घर फेब्रुवारी २०२४ मध्ये आगीत नष्ट झाले.

घर लहान पडते म्हणून ते वाढवावे, शेजारी दालन जोडावे, संगमरवर घालावा, असा आग्रह आपल्याकडील स्मारक समित्यांना फार लवकर सुचतो. न्यू यॉर्कमधील लुई आर्मस्ट्राँग यांच्या घराने यावर शहाणा मार्ग काढला आहे. ब्लूजच्या पायावर उभ्या राहिलेल्या जॅझ संगीताचे हे थोर वादक १९४३ पासून १९७१ मधील मृत्यूपर्यंत क्वीन्स भागातील कष्टकऱ्यांच्या वस्तीत एका साध्या घरात राहिले. २००३ मध्ये ते घर संग्रहालय झाले तेव्हा स्वयंपाकघरापासून अभ्यासिकेपर्यंत सारे होते तसेच ठेवले गेले. आर्मस्ट्राँग यांना घरातील गप्पा, रियाज आणि जेवणाच्या वेळचे बोलणे टेपवर मुद्रित करण्याची सवय होती. त्या टेपांतील आवाज ज्या खोलीत मुद्रित झाले त्याच खोलीत पाहुण्यांना ऐकवले जातात. पुढे कागदपत्रे, टेपा आणि कार्यक्रम यांना जागा अपुरी पडू लागली तेव्हा २०२३ मध्ये रस्त्याच्या पलीकडे नवी इमारत बांधली गेली, आणि घराला हात लावला गेला नाही.

सोलापूरहून जाऊन पाहता येईल असे संगीतकाराचे घर धारवाडला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे पंडित मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचे 'मृत्युंजय' हे निवासस्थान त्यांच्या पश्चात स्मारक म्हणून राखण्यात आले. मन्सूर यांची हिंदुस्थानी संगीताची पहिली तालीम मिरजेत नीलकंठबुवांकडे, पुढची मुंबईत मंजी खाँ आणि त्यांच्यानंतर भूर्जी खाँ यांच्याकडे झाली, आणि त्यांनी कन्नड वचनेही गाइली. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे स्वतः वचनकार असल्याने या गायनाचा धागा सोलापूरच्या श्रोत्याला परका नाही. सोलापूरजवळच्या होटगीहून गदगकडे जाणारी रेल्वे १८८० च्या दशकातच झाली आणि त्या वाटेने माणसे, भाषा आणि राग दोन्ही दिशांना आले-गेले.

परंतु शाहिरांचा प्रश्न याने सुटत नाही. बार्शीत १९१६ मध्ये जन्मलेले अमर शेख यांनी मोटारीवरील क्लीनरची आणि गिरणीतील कामे केली, कामगार चळवळीत तुरुंगवास भोगला आणि लाल बावटा कलापथकातून व संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून लाखो लोकांपुढे गायन केले. १९६९ मध्ये अपघातात त्यांचा अंत झाला. पंढरपुरात १९३५ मध्ये जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण त्यांचे आयुष्य गेले फडाबरोबर, राहुटीतून राहुटीत. अशा कलावंतांच्या बाबतीत घर शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या कामाची जागा शोधणे अधिक उपयोगी ठरेल. मिसिसिपीतील इंडियानोला येथे ब्लूज गायक बी. बी. किंग यांचे संग्रहालय २००८ मध्ये उघडले ते कोणत्याही घरात नव्हे, तर सरकी काढण्याच्या ज्या विटांच्या जिनिंग कारखान्यात ते तरुणपणी राबले, त्याच्या इमारतीला जोडून. बार्शी-सोलापूर पट्ट्यात गिरण्या, जिनिंग कारखाने आणि कामगारांच्या चाळी यांचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्यांपैकी जी एखादी इमारत अजून पडलेली नसेल तिच्यात शाहिराचा डफ, हाताने लिहिलेली वही, कलापथकाचे छापील हस्तपत्रक आणि फडाची कनात यांना जागा करून देण्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही, मात्र वह्या वाळवीच्या आणि टेपा बुरशीच्या तोंडी जाण्याआधी गोळा कराव्या लागतील.