मॅकची ‘कॅटालिना’ : पडद्याआडचे बदल

अ‍ॅपल कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅक संगणकांसाठी आणलेली ‘कॅटालिना’ ही ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आयट्यून्स या संगीत-अ‍ॅपच्या विभाजनामुळे गाजली. तिचे खरे महत्त्व मात्र पडद्याआडच्या दोन बदलांत होते. पहिला बदल ३२-बिट अ‍ॅप कायमची बंद करण्याचा. मेमरीतील प्रत्येक जागेचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा ३२ घरांचा असेल, तर सुमारे ४२९ कोटी जागांच्या, म्हणजे ४ जीबीच्या, पलीकडे प्रोग्रॅमला थेट पोहोचता येत नाही. ६४ बिटांत ही अडचण व्यवहारात उरत नाही. दोन्ही प्रकारांसाठी सामायिक कोडचे दोन-दोन संच सांभाळण्याचा अ‍ॅपलवरचा भार ३२-बिट अ‍ॅप बंद केल्यामुळे उतरला खरा, पण २०१८ पासून इशारे दिसत असूनही ज्यांच्या निर्मात्यांनी सुधारणा केल्या नाहीत, ते जुने खेळ आणि पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत निरुपयोगी ठरली, आणि त्याची झळ वापरकर्त्यालाच बसली.

दुसऱ्या बदलाची चर्चा कमी झाली, तरी तो अधिक दूरगामी होता. सिस्टिमच्या मूळ फाइल्स डिस्कवरील एका स्वतंत्र, केवळ वाचता येणाऱ्या विभागात गेल्या आणि वापरकर्त्याच्या फाइल्स दुसऱ्या विभागात. पडद्यावर मात्र दोन्ही मिळून एकच डिस्क दिसते. परिणामी एखाद्या घातक प्रोग्रॅमच्या हाती प्रशासकाचा पासवर्ड लागला, तरी त्याला सिस्टिमच्या गाभ्यात सहजासहजी ढवळाढवळ करता येत नाही. पुढे २०२० मधील ‘बिग सर’ने या विभागावर गणिती मोहोरही उमटवली, ज्यामुळे तेथील बारीकसा फेरफारदेखील उघड होतो.