पिवळा व्हिब्रिओ, हिरवा व्हिब्रिओ : प्लेटच्या रंगावर किती विसंबायचं?

कोळंबीचा तलाव चालवणाऱ्याला लॅबच्या रिपोर्टमधून आधी एकच गोष्ट हवी असते: पिवळे किती आणि हिरवे किती. रत्नागिरीच्या खाडीकाठी असो की पालघर-रायगडात, समज तोच. पिवळा व्हिब्रिओ निरुपद्रवी, हिरवा घातकी. या समजावर विसंबून तलावात औषधं ओतली जातात, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

हे रंग येतात कुठून? व्हिब्रिओ हा जिवाणूंचा एक गट; तो मोजायला टीसीबीएस नावाच्या माध्यमाची प्लेट लावतात. जपानी संशोधकांनी १९६३ साली ते आजच्या रूपात आणलं. त्यातल्या पित्तक्षारांमुळे आणि ८.६ इतक्या अल्कधर्मी सामूमुळे इतर बहुतेक जिवाणू दबतात. त्यात साखर असते आणि आम्ल झालं की पिवळा पडणारा रंगही असतो. ज्या जिवाणूला ही साखर आंबवता येते तो आम्ल तयार करतो आणि त्याची वसाहत पिवळी दिसते. ज्याला येत नाही त्याची हिरवी राहते. रंगातून एवढंच कळतं. तो जिवाणू कोळंबीला मारेल की नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, याच माध्यमावर छान पिवळा वाढतो. त्याला निरुपद्रवी कोण म्हणेल? व्हिब्रिओ हार्वेयी कोळंबीची पिल्लं मारतो, आणि त्याचे काही वाण पिवळे तर काही हिरवे येतात. उलट बाजूही पाहा. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवा. १९५० साली ओसाकात मासळीतून झालेल्या विषबाधेनंतर तो ओळखला गेला; त्या वेळी २० माणसं दगावली होती. कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडाची नासाडी करणारा रोगही त्याचे काही वाण घडवतात. पण त्यासाठी विषाची जनुकं असलेलं एक विशिष्ट प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं वलय, त्या वाणात असावं लागतं. समुद्रातल्या बहुतेक हिरव्या वाणांत ते नसतं. प्लाझ्मिड आहे की नाही, हे वसाहतीकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

आता रंगच किती पक्का, ते पाहू. प्लेट इन्क्युबेटरमधून १८ ते २४ तासांत काढून वाचायची असते. ती तशीच पडून राहिली की माध्यमातली साखर संपते, जिवाणू प्रथिनांकडे वळतात, माध्यम पुन्हा अल्कधर्मी होतं आणि काल पिवळी दिसलेली वसाहत हिरवट होऊ लागते. उशिरा वाचलेल्या प्लेटवर ‘हिरवे वाढले’ असं दिसेल, तलावात मात्र काहीच बदललेलं नसेल. दाटीचाही असाच परिणाम होतो. पिवळ्या वसाहती खूप असतील तर त्यांचं आम्ल माध्यमात पसरतं आणि शेजारची हिरवी वसाहतही पिवळ्या वलयात बुडते. गर्दीत वसाहती बारीकही राहतात, म्हणून नमुना पुरेसा पातळ करून लावावा लागतो.

वसाहतीच्या आकारावरून जात ठरवणंही तितकंच फसवं. टीसीबीएसवर गोल, आटोपशीर दिसणारा व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस साध्या खारट माध्यमावर पातळ थर होऊन अख्ख्या प्लेटभर पसरतो. पटकीचा जिवाणू एरवी गुळगुळीत वसाहत करतो; उपासमारीच्या ताणाखाली त्याच्या सुरकुतलेल्या वसाहती दिसू लागतात. परिस्थितीनुसार रूप बदलण्याचं व्हिब्रिओबाहेरचं ठळक उदाहरण सेरॅशिया या जिवाणूच्या रंगाचं: २५ ते ३० अंशांवर लालबुंद, ३७ अंशांवर बहुधा पांढरा. प्लेट ओलसर असेल, झाकणावरचे थेंब खाली पडले असतील, तर शेजारच्या वसाहती एकमेकींत मिसळतात आणि मोजणीच चुकते. म्हणून प्लेट वापरण्याआधी सुकवायची आणि उलटी ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण आकड्याचा भरवसा त्यावरच अवलंबून असतो.

‘प्लेट कोरी, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा आणखी एक समज. पॅराहिमोलिटिकसला वाढायला मीठ लागतं. नमुना निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात पातळ केला तर जिवाणू प्लेटवर जाण्याआधीच मरू शकतात. शिवाय ताणाखालचे व्हिब्रिओ जिवंत असूनही माध्यमावर वाढायचे थांबतात. १९८० च्या दशकापासून हे माहीत आहे. पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी भाट्याच्या खाडीत उतरलं की क्षारता घसरते. त्यामुळे मे महिन्यातला आकडा आणि जुलैतला आकडा शेजारी ठेवून औषधाला श्रेय देणं चूक आहे.

मग प्लेट लावायचीच नाही का? जरूर लावावी. एकाच तलावाची, एकाच पद्धतीने, दर आठवड्याला लावलेली प्लेट फार उपयोगी असते, कारण व्हिब्रिओची एकूण संख्या अचानक चढली तर ती वेळीच कळते. रिपोर्टवर पाण्याची क्षारता, तापमान, किती पट पातळ केलं आणि किती तासांनी वाचलं, हे लिहून घ्यावं. हिरवे दिसले म्हणून अँटिबायोटिक टाकू नये. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर संवर्धनात बंदीच आहे. कोळंबी खाणं सोडत असेल, यकृत-स्वादुपिंड फिकट पडत असेल, तर ती कोळंबीच पीसीआर या जनुकीय तपासणीला पाठवावी.